नऊ खटके पुढं, सात मागं

बदनापूर जवळ आलं की मी गाडीच्या काचा वर घेतो. वर्षभर नाही, जानेवारी सरतानाचे तेवढे तीन-चार आठवडे. बायको म्हणते, लोक या दिवसांत काचा खाली करतात, मोसंबी फुलली आहे, वास घ्या जरा. मी म्हणतो, धूळ येते. आता तिथं चौपदरी रस्ता झाला आहे, धूळ कुठली? पण इतकी वर्षं संसार केलेल्या बाईला नवऱ्याची कुठली थाप उघडी पाडायची आणि कुठली तशीच राहू द्यायची हे कळतं.

वास तरी थोडा आत येतोच. बागेचं पाणी महिना-दीड महिना तोडतात, पानं मलूल होऊ देतात, आणि मग एकदम पाणी सोडतात. झाड घाबरून फुलतं. फुलं एवढीशी, पांढरी, पण वास असा की चालत्या गाडीला धरून ठेवावा. त्या वर्षी मी हा वास रोज दोनदा घेत होतो, जाताना उजव्या अंगानं आणि येताना डाव्या. शेजारच्या सीटवर अण्णा, म्हणजे माझे वडील. आमच्या घरात त्या दिवसांना अजून 'शेकाचे दिवस' म्हणतात. मणक्यातल्या गाठीवर मशीनखाली किरणं द्यायची, त्याला आमच्याकडं 'शेक' म्हणतात. शेकोटीचा शेक, विटेचा शेक, तसा हाही. शब्द ओळखीचा असला की धाक थोडा कमी वाटतो.

माझ्या चुकांची यादी मोठी आहे आणि ती मी चारचौघांत आनंदानं वाचून दाखवतो. लग्नात चुकीच्या मांडवात जेवून, आहेर देऊन आलो, ती गोष्ट तर आमच्या पाहुण्यांत पोरंसुद्धा मला सांगायला लावतात. पण एक चूक मी आजवर हसण्यावारी सांगत आलो आणि तिचा अर्धाच भाग सांगत आलो. ती चूक पोलादाची होती आणि तिला निळा रंग दिलेला होता.

नवं शतक लागून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी जालन्यात बियाण्याच्या एका कंपनीत विक्रीचं काम करत होतो आणि एक छोटी, पाच दरवाज्यांची, सेकंडहँड गाडी घेतली होती. गाडी बरी होती, तिची प्रकृती उत्तम होती, म्हणून मला करमेना. कुठल्याशा मासिकात खाली वाकलेल्या, जमिनीला पोट टेकवून पळणाऱ्या गाड्यांचे फोटो पाहिले आणि मला कॉइलओव्हरचं वेड लागलं. साध्या गाडीत स्प्रिंग आणि शॉकअप कारखान्यानं ठरवून दिलेल्या जागी बसतात आणि निवृत्तीपर्यंत तिथंच राहतात, सरकारी कारकुनासारखे. या प्रकारात शॉकअपच्या नळीवर बाहेरून आटे पाडलेले असतात. त्या आट्यांवर एक कडं फिरतं, कड्यावर स्प्रिंग बसते. कडं वर फिरवलं की गाडी उंच, खाली फिरवलं की बुटकी. शिवाय शॉकअपच्या डोक्यावर एक बोंड असतं. ते फिरवलं की खट, खट असे खटके पडतात. जितके खटके जास्त तितकी गाडी कडक. म्हणजे आपली गाडी आपल्या मनासारखी. हे वाक्य मासिकात होतं आणि मी ते पाठ केलं होतं.

हा माल विकणाऱ्या पुण्याच्या दुकानदारानं मला शहाण्या माणसासारखे प्रश्न विचारले. रस्ते कसे आहेत, माणसं किती बसतात, सामान किती असतं. स्प्रिंग चारची हवी, सहाची की आठची? स्प्रिंग एक मिलिमीटर दबायला जितके किलो लागतात, तितका तिचा आकडा. मी आठची घेतली. शाळेत दहापैकी आठ मला कधी पडले नव्हते, ती हौस असावी. तो म्हणाला, साहेब, आठ शर्यतीच्या ट्रॅकवर लागते. मी म्हणालो, आमच्याकडं ट्रॅकच समजा.

जालन्यातच, मस्तगडात हमीदभाईंचं गॅरेज होतं. त्यांनी ते निळं पोलाद उलटसुलट करून पाहिलं, बसवलं, माझ्या सांगण्यावरून सगळी कडी खाली घेतली आणि सगळी बोंडं शेवटच्या खटक्यापर्यंत पिळली. शेवटी उठून गाडीकडं बघत म्हणाले, "सुधाकरसेठ, अब इसके नीचे से चींटी भी झुक के जाएगी." मला ते कौतुक वाटलं.

जालन्यातले गतिरोधक त्या काळी ज्याच्या त्याच्या मनाचे होते. दुकानासमोर कुणी वाळू-सिमेंटचा ढीग टाकून गेला की झाला गतिरोधक. माझी गाडी त्यावर चढायची आणि कासवासारखी पोटावर बसायची. एकदा परतूरला लग्नाला तीन मावश्यांना घेऊन निघालो. प्रत्येक गतिरोधकाला तिघींना उतरवायचं, गाडी रिकामी करून तिरपी काढायची, पुन्हा बसवायचं. चौथ्यानंतर त्या बसल्याच नाहीत. चालत चालत मोठ्या रस्त्यापर्यंत गेल्या आणि तिथं माझी वाट बघत उभ्या राहिल्या. ही गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली आहे. लोक हसतात. मी इथंच थांबतो आणि विषय बदलतो.

अण्णा आमच्या गावी, टेंभुर्णीला, बैलगाड्या करायचे. जन्मभर सुतारकी, त्यातही चाक आणि जू. गाड्या कमी झाल्या, रबरी टायरच्या आल्या, तरी चार गावची माणसं धुरा तोलायला अण्णांकडंच यायची. नवी गाडी झाली की अण्णा ती रिकामी कधी तोलत नसत. मालकाला सांगायचे, तुझं जे वझं असंल ते भर. कापूस तर कापूस, माणसं तर माणसं. भरल्यावर जुवाखाली एक बोट घालून उचलून बघायचे. भार मागं गेला तर गाडी उलाळ होते, तोंड वर करते. पुढं गेला तर बैलाच्या मानेवर बसतो. त्यांना हवा असायचा तो तोल बोटाला कळायचा, सांगता यायचा नाही. मला तर नाहीच. मी त्यांच्याकडं सहा महिने शिकलो आणि चाकाचं एक आरं असं तासलं की ते दोन्ही टोकांना बारीक झालं. त्यानंतर त्यांनी मला कॉलेजात घातलं.

तर ती बुटकी गाडी घेऊन मी ऐटीत टेंभुर्णीला गेलो. अण्णा भोवती फिरले, बॉनेटवर तळवा ठेवून दाबलं. गाडी हलली नाही. "बसणाऱ्यासाठी केली का बघणाऱ्यासाठी?" एवढंच विचारलं आणि तासायचा वाकस उचलून कामाला लागले. दोन वर्षं ते तिच्यात बसले नाहीत. म्हणायचे, रांगणाऱ्या गाडीत बसायला मी काय तान्हा हाय?

पाठ दिवाळीपासून दुखत होती. त्यांनी वाकसाला दोष दिला, मग थंडीला. गावातल्या डॉक्टरनं सुया दिल्या. संक्रांतीनंतर पायाला मुंग्या यायला लागल्या तेव्हा जालन्याच्या डॉक्टरनं फोनवरच ऐकून लगेच औरंगाबादला न्यायला सांगितलं. गावातल्या शेजाऱ्याची मोठी गाडी होती, गादी टाकून आडवं नेता आलं असतं. शेजारी स्वतः किल्ली घेऊन आला होता. मी म्हणालो, नको, आपली गाडी आहे.

का म्हणालो, हे मी इतकी वर्षं स्वतःला विचारतो आणि उत्तर मला पहिल्यापासून माहीत आहे. दोन वर्षं न बसलेले अण्णा आता बसणार होते. मला बरं वाटलं होतं. ते आजारी होते आणि मला बरं वाटलं होतं.

टेंभुर्णी ते जालना रस्ता त्या वेळी रस्ता कमी आणि आठवण जास्त होता. गाडी स्प्रिंगवर नव्हतीच. इतकी खाली घेतली होती की आतल्या रबरी ठोकळ्यांवर बसली होती आणि प्रत्येक खड्डा सरळ सीटमध्ये येत होता. अण्णांनी खांद्यावरचा पंचा तोंडाशी धरला होता. मला वाटलं, धूळ. मी विचारलं, "कशी वाटते गाडी?" ते म्हणाले, "बरी हाय." मग काय, मी सुरूच झालो. आटे, कडं, खटके, आठची स्प्रिंग, शर्यतीत वळणावर कशी चिकटते. औरंगाबाद येईपर्यंत मी बोलत होतो. माय मागं बसली होती. ती मध्येच एकदा म्हणाली, हळू घे रं. मी म्हणालो, हळूच आहे, ही गाडी कडक आहे म्हणून तसं वाटतं.

दवाखान्याच्या दारात अण्णांना उतरता येईना. तिथल्या दोघांनी उचलून घेतलं. पंचा सीटवर राहिला होता, तो मी घडी करायला उचलला. त्याच्या कोपऱ्यावर दातांच्या खुणा होत्या. दोन ठिकाणी कापड फाटलं होतं.

तपासणीत मणक्यात गाठ निघाली. शिवाय एक मणका दबून चपटा झाला आहे, असं डॉक्टर फिल्म उजेडात धरून म्हणाले. कधी दबला असेल, हे मी विचारलं नाही. गाठीनं पोखरलेला मणका नुसत्या शिंकेनंही दबतो, हे मला नंतर एका दुसऱ्या डॉक्टरनं सांगितलं, मी न विचारता. माणसं मला बघून अशा गोष्टी आपण होऊन सांगतात. मी मान हलवतो. पण त्या दिवशी त्या खोलीत विचारायचा प्रश्न मी विचारला नाही, आणि आता तो विचारायला खोलीही राहिली नाही.

पाच आठवडे शेक घ्यायचा होता, सोमवार ते शुक्रवार. दवाखान्यात राहायला अण्णा तयार नव्हते. जालन्यात माझ्या घरी राहतो म्हणाले. पण रोज साठ किलोमीटर जायचं आणि साठ यायचं म्हटल्यावर त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. "शेक घेईन. रस्ता न्हाई घ्यायचा मला." शेक घेतला नाही तर पाय जातील, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. दवाखान्याची गाडी मी पाहून आलो, ती जीपवर बांधलेली, खाली ट्रकसारख्या कडक पाट्यांच्या स्प्रिंगा. शेजाऱ्याची मोठी गाडी तोवर मुलीच्या गावाला गेली होती. माझ्या गाडीतल्या मूळच्या मऊ स्प्रिंगा परत घालाव्यात म्हणून हमीदभाईंकडं गेलो तर त्यांनी आठवण करून दिली की त्या मीच हौसेनं भंगारात घातल्या होत्या. जालन्याचं भंगार भट्टीत जातं आणि सळई होऊन बाहेर येतं. माझ्या बापाच्या वाट्याचा मऊपणा कुणाच्या तरी स्लॅबमध्ये गेला होता.

हमीदभाई शिव्या देणारे माणूस होते, पण त्या दिवशी त्यांनी शिवी दिली नाही. म्हणाले, चारची स्प्रिंग मंगवाव, बाकी मैं देखता. पुण्याहून पार्सल आलं. आणि तिसऱ्या दिवशी अण्णांना आम्ही बाजेवर घालून गॅरेजच्या सावलीत आणलं, कारण त्यांनीच निरोप दिला होता: "मला बसवायची गाडी मला न दाखवता कशी करता?"

मी तोवर माझ्या परीनं शहाणपणा केला होता. कडक गाडीनं त्रास झाला, म्हणून आता सगळी बोंडं शून्यावर. एकही खटका नाही. अण्णांना बसवून गाडी चौकापर्यंत नेऊन आणली तर ती प्रत्येक उंचवट्यानंतर पाळण्यासारखी हलत राहिली, वर-खाली, वर-खाली, थांबेचना. अण्णा पांढरे पडले. "आधी दगड व्हता," ते दम घेत म्हणाले, "आता झुला केलास. तुला मधलं काही येत न्हाई का रं सुध्या?" हमीदभाई गाडीखालून बोलले, "अण्णा, इसको मधलं आया होता तो ये गाडी लेके आया नहीं होता." दोघं हसले. अण्णांना हसताना दुखत होतं, म्हणून ते हात वर करून हमीदभाईंना थांबवत होते आणि हमीदभाई थांबत नव्हते.

मग अण्णांनी काम हातात घेतलं. पहिलं विचारलं, गाडीत वझं कुणाचं? मी चालवणार, ते शेजारी, माय मागं. "मंग तिघं बसू. रिकामी गाडी कुणी तोलत असतं का?" मी आणि माय बसलो, अण्णांना उशीसकट बसवलं. पेट्रोल किती आहे विचारलं, अर्धं म्हटल्यावर भरून आणायला लावलं. हमीदभाईंनी गाडी तीनदा दाबून सोडली, तिला आपल्या जागी बसू दिलं. मग अण्णांनी बंडीच्या खिशातून एक बाभळीची पाचर काढली. रात्रीतून पडल्या पडल्या तासली असावी. एका बाजूला निमुळती आणि अंगावर पेन्सिलीच्या बारीक खुणा, सुतासुताच्या. सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टायर आणि मडगार्ड यांच्या फटीत ती पाचर सरकवायची, जिथं अडेल तिथली खूण वाचायची. चारी चाकांना. डावीकडं अण्णांच्या बाजूनं गाडी दीड सूत बसत होती. हमीदभाईंनी हुकाच्या पान्यानं कडं फिरवलं, पुन्हा तीनदा दाबलं, पुन्हा पाचर. असं ऊन उतरेपर्यंत चाललं. शेवटी चारी खुणा जुळल्या. मग खटके. दोन खटके वाढवायचे, चौकापर्यंत जायचं, यायचं. अण्णा डोळे मिटून बसायचे आणि नुसतं बोट हलवायचे, अजून, किंवा मागं. जुवाखाली घालायचं तेच बोट.

पुढं नऊ खटके, मागं सात. तिथं अण्णांनी डोळे उघडले. "आता चालंल," म्हणाले. मला वाटतं, माझ्या कुठल्याही कामाबद्दल त्यांनी काढलेला तो सर्वांत मोठा शब्द. आणि ते काम माझं नव्हतंच.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही निघालो. सकाळी नऊला. पस्तीस-चाळीसच्या वर काटा नाही. मागून ट्रक हॉर्न वाजवायचे, कापसाच्या गाड्यासुद्धा आम्हाला मागं टाकायच्या. बदनापूरच्या अलीकडून बागा सुरू झाल्या की अण्णा काच खाली करायला सांगायचे. थंडी असायची, माय ओरडायची, तरी काच खाली. ते नाक थोडं वर करायचे, तेवढंच. मी मनात खड्डे मोजायचो. कुठला डावीकडून चुकवायचा, कुठल्यावर दोन्ही चाकं एकदम घालायची. पुढं करमाडची शेतं, मग शहर, मग रांग. पाच मिनिटांचा शेक आणि तीन तासांचा रस्ता. मशीनखालून आले की अण्णा म्हणायचे, काही कळलंसुद्धा न्हाई. आणि गाडीत बसताना दरवाज्याला हात लावायचे, बैलाच्या पाठीला लावतात तसा.

पंचा खांद्यावर असायचा. मी रोज चोरून बघायचो. तो तोंडाशी जात नव्हता.

दर सोमवारी दवाखान्यात वजन करायचे आणि फाइलमध्ये इंग्रजीत लिहायचे. अण्णांना आकडे वाचता येत, पण त्या डॉक्टरी अक्षरात नाही. ते विचारायचे, किती? पहिल्या सोमवारी साठ भरलं होतं. दुसऱ्या सोमवारी छप्पन. मी म्हणालो, साठ. तिसऱ्या सोमवारी त्रेपन्न. मी म्हणालो, साठ, साडेसाठच समजा. माय खूश झाली, तिनं संध्याकाळी शिरा केला. थाप मारण्यात मी लहानपणापासून तरबेज, आणि ही तर चांगल्या कामासाठी. मला तिचा अभिमानही वाटत होता.

एक गोष्ट मात्र मी विसरलो. मी त्यांना गाडी दिली होती, आणि त्यांनी गाडी तोलायचा नेम सोडला नव्हता. दर सोमवारी निघायच्या आधी पेट्रोल भरून, तिघं आपापल्या जागी बसून, गाडी तीनदा दाबून अण्णा मला पाचर घेऊन उतरवायचे, त्या वेळी शेजारच्या, माझ्याच वजनाच्या एका माणसाला माझ्या जागी बसवून. मी खूण वाचून सांगायचो. यात मला खोटं बोलायचं सुचलंच नाही. गाडीच्या उंचीत काय लपवायचं?

चौथ्या सोमवारी मी डाव्या पुढच्या चाकापाशी वाकून म्हणालो, "अण्णा, अर्धं सूत फरक पडलाय. स्प्रिंग सैल झाली वाटतं. कडं फिरवून घेऊ."

मी वर बघितलं. ते समोर काचेतून रस्त्याकडं बघत होते.

"स्प्रिंग सैल पडली तर गाडी खाली बसंल," ते म्हणाले. "खाली बसली का वर आली?"

मी पाचरीवरची खूण पुन्हा बघितली. वर आली होती.

"मंग स्प्रिंगला कशाला बोल लावतो?" ते हळू म्हणाले, मागं माय होती म्हणून. "तू साठ म्हणतोस. पाचर तसं म्हणत न्हाई."

माझ्या हातात ती पाचर होती आणि ती कुठं ठेवावी कळेना. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. अण्णांनी मान हलवली, नको अशी. मग मोठ्यानं, मायला ऐकू जाईल असं म्हणाले, "बराबर हाय गाडी. चला." कडं फिरवू दिलं नाही. त्यानंतर वजन किती, असं त्यांनी कधी विचारलं नाही. पुढच्या सोमवारी पाचरही मागितली नाही.

मी त्या दिवशी गाडी चालवताना एकसारखा बोलत राहिलो. परतूरच्या मावश्यांची गोष्ट सांगितली, सगळी, हातवारे करून. माय हसली. अण्णाही हसले. एका खऱ्या गोष्टीवर झाकण म्हणून मी दुसरी खरी गोष्ट सांगत होतो, आणि त्यांना ते कळत होतं, आणि मला ते कळल्याचं कळत होतं, आणि गाडी नऊ आणि सात खटक्यांवर अगदी नीट चालली होती.

शेक संपला. दुखणं बरंच कमी झालं, पाय राहिले. उन्हाळाभर अण्णा टेंभुर्णीला काठी धरून अंगणातून फिरले, कुणाच्या तरी वखराचा दांडा बसवून दिला. डॉक्टरांनी एवढंच कबूल केलं होतं आणि तेवढं झालं. आषाढ लागायच्या आत ते गेले. शेवटचे चार दिवस शुद्ध नव्हती. मणक्याचा विषय आमच्यात कधी निघाला नाही. त्यांनी पंच्याचं कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. मायनं मात्र वर्षश्राद्धाला भांडी आवरता आवरता मला सांगितलं, त्या पहिल्या दिवशी जाताना ते मधूनच मागं हात करून तिचा हात दाबायचे, तिनं बोलू नये म्हणून. पोरगं एवढं हौसेनं सांगून राह्यलं, बोलू दे त्याला, असं त्यांनी नंतर तिला म्हटलं होतं. तिला वाटलं, मला ऐकून बरं वाटेल.

पाचव्या आठवड्यातला एक दिवस राहिला सांगायचा. बहुधा गुरुवार. माय त्या दिवशी ताप आल्यानं घरी होती, आम्ही दोघंच. परतताना ऊन कलतं झालं होतं. दुखण्यानं त्यांना महिनोन्‌महिने झोप नव्हती. डोळा लागला की कूस बदलताना कळ यायची आणि ते जागे व्हायचे. करमाड सोडलं आणि बोलता बोलता ते गप्प झाले. मी बघितलं तर मान दरवाज्याकडं कललेली, तोंड थोडं उघडं, आणि घोरणं. बारीक, नियमित. खड्डा आला, गाडी खाली गेली, वर आली, थांबली. घोरणं चालूच.

जालना आलं. घराकडं वळायचा चौक आला. तिथं पुढं गल्लीत दगडी फरशी होती, गाडी थांबवावी लागणार होती, दार उघडावं लागणार होतं, उचलावं लागणार होतं. मी वळलो नाही. सरळ परतूरच्या रस्त्याला लागलो. काटा पस्तीसवर. दोन्ही बाजूंना काढलेल्या तुरीची रानं, मध्येच ज्वारी, गुरं घराकडं निघालेली. मला कुठंही जायचं नव्हतं आणि मी इतका जपून आयुष्यात कधी कुठं गेलो नाही. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. मला वाटत होतं, पेट्रोल आहे तोवर जावं.

एका नाल्यावरच्या पुलाशी समोरून बस आली, मला थांबावं लागलं. थांबल्यानं ते जागे झाले. बाहेर बघितलं. ओळखीचं काही दिसेना.

"कुठं आलो रं?"

"वाट चुकलो, अण्णा."

त्यांनी लगेच विश्वास ठेवला. माझा लौकिकच तसा. थोडा वेळ ते कलत्या उन्हातल्या रानाकडं बघत राहिले. पाठ सीटला लावून बघितली, मान इकडून तिकडं केली, कुठं काही दुखतंय का म्हणून. बस निघून गेली. पूल मोकळा झाला.

"लांब आलो का लई?"

"पंचवीसेक किलोमीटर."

"मंग एवढ्यात वळू नको," अण्णा म्हणाले आणि डोळे मिटले.